साधी क्वाड घ्यावी की बर्बनच्या बॅरलमधली?

दुकानाच्या एकाच फळीवर रोशफोर १० आणि सेंट बर्नार्डस आब्ट १२ या ‘क्वाड’ प्रकारच्या गडद बेल्जियन बिअर उभ्या असतात. शेजारी त्याच जातीची, पण बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या बॅरलमध्ये मुरवलेली अमेरिकन बाटली असते आणि तिची किंमत बरीच जास्त असते. घ्यायची एकच आहे. अमेरिकेत राहणारी आपली मंडळी मला हा प्रश्न विचारतात. त्यातले बहुतेक व्हिस्की पिणारे, त्यामुळे त्यांचा हात आधी बॅरलवाल्या बाटलीकडे जातो. माझं मत आधीच सांगून टाकतो. या प्रकारची ही तुमची पहिलीच बाटली असेल, तर साधी घ्या. साधी ओळखीची झाली की मग बॅरलवाली घ्या, आणि तेव्हा पैशांकडे न बघता चांगलीच घ्या. यामागचं कारण चवीचं आहे, ते समजून घेतलं तर निवड तुमची तुम्हालाच करता येईल.

साध्या बाटलीत काय असतं

या गडद, जोरकस बेल्जियन एलला दुकानात सरसकट ‘क्वाड’ म्हणतात. नेदरलँड्समधल्या कोनिंग्सहूवेन मठाच्या ला ट्राप ब्रुअरीने १९९१ मध्ये आपल्या १० टक्क्यांच्या बिअरला ‘क्वाड्रुपेल’ नाव दिलं आणि ते पुढे सगळ्या प्रकाराला लागलं. बेल्जियममधल्या मठांच्या बाटल्यांवर नुसते आकडे दिसतात. रोशफोर १० मध्ये ११.३ टक्के अल्कोहोल असतं, वेस्टव्लेटरन १२ मध्ये १०.२ टक्के. म्हणजे लेबलवरचा मोठा आकडा अल्कोहोलचा नाही, टक्केवारी खाली बारीक अक्षरात शोधावी लागते. सेंट बर्नार्डस ही मठाची ब्रुअरी नाही. वातू गावातल्या या ब्रुअरीने १९४६ ते १९९२ या काळात वेस्टव्लेटरनच्या मठाच्या परवान्याखाली त्यांची बिअर बनवली आणि परवाना संपल्यावर स्वतःच्या नावाने चालू ठेवली. तिची आब्ट १२ मला या प्रकाराची सगळ्यात चांगली ओळख वाटते. ती सहज मिळते, आणि मठाच्या दारात जाऊन वेस्टव्लेटरन आणण्याची खटपट तिने पुष्कळशी अनावश्यक केली आहे.

रंग बघून वाटतं की ही स्टाउट या काळ्या बिअरसारखी भाजलेली, कॉफीच्या कडवटपणाची असणार. तशी ती नसते. तिचा काळपट तांबूस रंग बराचसा गडद कँडी साखरेच्या पाकातून येतो. ही साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, त्यामुळे अल्कोहोल वाढतं पण बिअर चिकट होत नाही. मागे राहतात ते स्वाद काळ्या मनुक्यांचे, खजुराचे, सुक्या अंजिराचे आणि शेवटी काकवीचे. त्यांच्यावर लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास असतो. तो यीस्टने आंबवताना तयार केलेला असतो, लवंग कोणी टाकलेली नसते. या बिअरचा जीव या यीस्टच्या कामात आहे, आणि बॅरलची सगळी अडचणही इथूनच सुरू होते.

बॅरल काय देतं, काय झाकतं

अमेरिकन कायद्यानुसार बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. म्हणून सुमारे २०० लिटरची ही रिकामी पिंपं जगभर जातात. स्कॉटलंडला जातात, बिअरवाल्यांकडे जातात, गोव्यात कुंकळ्ळीच्या पॉल जॉनकडे आणि बंगळुरूच्या अमृतकडेही येतात. तुम्ही पॉल जॉन प्यायला असाल, तर तिच्यातला व्हॅनिला आणि मधाळपणा आठवा. बिअरला मिळतं ते हेच. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन येतं, ओकमधल्या लॅक्टोनमुळे सुक्या खोबऱ्याचा वास येतो, जळलेल्या थरातून कॅरामल येतो. शिवाय फळ्यांमध्ये मुरलेली बर्बन हळूहळू बिअरमध्ये उतरते आणि अल्कोहोल एखाद-दोन टक्क्यांनी चढतं. लाकडातून थोडी हवाही आत शिरते, त्यामुळे शेरी वाइनसारखी जुनाट गोडी येते.

हे सगळं ऐकायला छान आहे, आणि इम्पिरियल स्टाउटच्या, म्हणजे जास्त जोरकस स्टाउटच्या बाबतीत ते सहसा छानच उतरतं. शिकागोच्या गूस आयलंडची बर्बन काउंटी स्टाउट १४ टक्क्यांच्या घरात असते. तिच्यातला भाजलेला कडूपणा इतका दांडगा असतो की व्हॅनिला कितीही आला तरी तोल जात नाही. क्वाडमध्ये तो कडूपणा नाही. व्हॅनिला आणि खोबरं जास्त झालं की यीस्टचे नाजूक वास आधी नाहीसे होतात, आणि उरतं ते गोड, गरम, व्हिस्कीसारखं काहीतरी. लवंग मात्र टिकते, कधी वाढतेसुद्धा, कारण लवंगेच्या तेलातलं युजेनॉल ओकमध्येही असतं. यीस्टची लवंग आणि लाकडाची लवंग जिथे जुळून येतात, तिथे हा प्रकार खरोखर मोठा होतो. तेवढ्यासाठी मी या बाटल्यांवर जास्तीचे पैसे खर्च करतो.

समोरासमोर

बर्बनमधल्या गडद क्वाडचं मी नाव घेईन ते कॅन्सस सिटीच्या बुलेव्हार्डच्या ‘बर्बन बॅरल क्वाड’चं. या ब्रुअरीत बेल्जियन हात आहे: १९९९ मध्ये तिथे ब्रूमास्टर म्हणून आलेले स्टीव्हन पॉवेल्स मूळचे बेल्जियमचे, आणि २०१३ मध्ये बेल्जियमच्या ड्युव्हेल मोर्टगाटने ही ब्रुअरी घेत असल्याचं जाहीर केलं. बिअरचा पाया त्यांच्याच ‘द सिक्स्थ ग्लास’ या साध्या क्वाडचा. ती वेगवेगळ्या बॅरलमध्ये वेगवेगळा काळ मुरते, काही बॅरल तीन वर्षांपर्यंत, आणि मग निवडक बॅरल एकत्र करून बाटल्या भरतात. बाष्पीभवनात जी बिअर उडून जाते, तिची भरपाई म्हणून आंबट चेरी घालतात. चेरीची चव वेगळी अशी जाणवत नाही, पण गोडव्याला एक आंबट कड मिळते, आणि मला वाटतं हीच कड या बिअरला वाचवते. पहिला वास बर्बनचा आणि व्हॅनिलाचा येतो. ग्लास हातात थोडा गरम झाला की खजूर आणि मनुका वर येतात. केळं जवळजवळ गेलेलं असतं. अल्कोहोल १२ टक्क्यांच्या जवळपास, आणि ते घशात कळतं.

तिच्याशेजारी आब्ट १२ ठेवली तर फरक असा दिसतो. आब्टचा फेस उंच आणि टिकाऊ, बॅरलवालीचा लवकर बसणारा. आब्ट जिभेवर बुडबुड्यांनी उचलली जाते आणि गिळल्यावर कोरडी संपते. बॅरलवाली जड, रेंगाळणारी. आब्टमध्ये घोटागणिक काहीतरी नवं सापडतं. बॅरलवाली पहिल्या घोटातच सगळं मोठ्याने सांगते आणि मग तेच सांगत राहते. जेवणानंतर एक छोटा ग्लास घेऊन तासभर बसायचं असेल, तर ते चालतं, आवडतंसुद्धा. जेवणाबरोबर प्यायची असेल तर आब्ट, यात मला अजिबात शंका नाही. रोशफोर १० या दोघींच्या मधली आहे: बॅरल नाही, पण चॉकलेटकडे झुकणारा, दाट गडदपणा आहे. व्हिस्की पिणाऱ्याला साध्या क्वाडमधली कोणती द्यावी असं विचारलं, तर ही.

बॅरल हवंच असेल पण यीस्टही चाखायचं असेल, तर गडद रंगाचा हट्ट सोडा आणि अमेरिकेच्या मेन राज्यातल्या पोर्टलंडच्या अलागाशची ‘क्युरिओ’ घ्या. ही क्वाड नाही, ट्रिपेल म्हणजे सोनेरी, जोरकस बेल्जियन धाटणीची बिअर आहे. २००४ मध्ये पहिल्यांदा ती जिम बीम या बर्बनच्या बॅरलमध्ये ठेवली. आजही बॅरलमधून काढल्यावर तिच्यात ताजी ट्रिपेल मिसळतात, आणि ही मिसळण इथे फार मोलाची आहे. लाकडाचं खोबरं आणि व्हॅनिला राहतात, तरी यीस्टचा फळांचा वास जिवंत असतो. अल्कोहोल १० टक्क्यांच्या थोडं वर. शुद्ध क्वाडच्या भक्तांना हे पटणार नाही, पण बर्बन आणि बेल्जियन यीस्ट यांचा संसार मला सर्वांत सुखाचा या सोनेरी बिअरमध्ये वाटला आहे.

युरोपात असाल तर बर्बनचा आग्रह धरू नका, तिथल्या वाटा वेगळ्या आहेत. बेल्जियममधल्या मेखलेन शहरातल्या हेट आंकर ब्रुअरीची स्वतःची व्हिस्की डिस्टिलरी आहे. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या वाढदिवशी, २४ फेब्रुवारीला, ते खास गडद बिअर बनवतात, आणि तिची ‘व्हिस्की इन्फ्यूज्ड’ आवृत्ती ११.७ टक्क्यांची आहे. तिच्यात स्वतःचीच व्हिस्की घातलेली असते, त्यामुळे खोबरं-व्हॅनिला कमी आणि माल्टची ऊब जास्त. ला ट्रापची ओक एज्ड क्वाड्रुपेल बॅचप्रमाणे बदलते, कारण पिंपं बदलतात: कधी पोर्टची, कधी व्हाइट वाइनची, कधी व्हिस्कीची. ती घेताना बाटलीवरचा बॅच क्रमांक बघा.

एक स्वस्त पर्याय उगाच मागे राहतो. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या ओमेगँगची ‘थ्री फिलॉसॉफर्स’ ९.७ टक्क्यांची आहे. क्वाडमध्ये थोडी लीफमान्स या बेल्जियन ब्रुअरीची चेरी बिअर मिसळलेली असते, बॅरल नाही. बर्बनसाठी जीव अडला नसेल तर तेवढ्यात भागेल.

पिण्याआधी हिशेब करा

आपल्याकडची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांच्या आत असते, त्यामुळे ‘बिअरच तर आहे’ या सवयीने या बाटल्या उघडू नयेत. ३३० मिलीच्या एका रोशफोर १० मध्ये जवळपास ३७ मिली शुद्ध अल्कोहोल आहे. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये साधारण २६ मिली. म्हणजे एक छोटी बाटली दीड लार्जच्या जवळ जाते. १२ टक्क्यांची ७५० मिलीची बॅरलवाली बाटली एकट्याने संपवली, तर साडेतीन लार्ज झाले. मोठी बाटली घेतली तर चौघांत वाटा, आणि त्या रात्री त्यांतल्या कोणीही गाडी चालवू नये.

दोन्ही घेऊन एका संध्याकाळी शेजारी ठेवून चाखणार असाल, तर क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही बाटल्या फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी काढा. १० ते १४ अंशांवर या बिअर बोलायला लागतात, फ्रिजच्या गारठ्यात बर्बनच्या वासाखेरीज काही कळत नाही. मठाचा गॉब्लेट, म्हणजे रुंद तोंडाचा देठाचा ग्लास, नसला तरी वाइनचा पोटाळ ग्लास उत्तम. आधी साधी ओता आणि तिच्याबद्दल काय वाटलं ते मनात पक्कं करा. मग पाणी प्या, मग बॅरलवाली ओता. उलट केलंत तर साध्या बिअरवर अन्याय होतो: व्हॅनिलाच्या गोडीनंतर ती पाणचट आणि आंबूस लागते, आणि माणूस चुकीचा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

खाण्याचं म्हणाल तर तांबडा रस्सा किंवा तिखट सुकं मटण यापैकी कशाबरोबरच नको. एवढं अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि दोन्हींची चव जाते. साध्या क्वाडबरोबर जुनं गाउडा चीज उत्तम. घरी संक्रांतीची गुळपोळी असेल, तर तूप लावून तिच्याबरोबर आब्ट घेऊन बघा. तिळाचा खमंगपणा आणि बिअरमधली काकवी एकमेकांना धरतात. बॅरलवालीबरोबर गोड पदार्थ नकोच, तीच पुरेशी गोड आहे. तिला निळं चीज द्या किंवा खारवलेले बदाम.

साठवायची असेल तर निवड आणखी सोपी होते. साधी क्वाड बाटलीतल्या यीस्टवर दोन-चार वर्षं चांगली बदलत जाते. अंधारात, गार जागी, उभी ठेवा, मनुका आणि शेरी वाढत जातील. बॅरलवालीचं मुरणं ब्रुअरीतच होऊन गेलेलं असतं. घरी ठेवली की बर्बनचा वास आधी ओसरतो, आणि ज्याचे जास्तीचे पैसे मोजले तेच कमी होत जातं. म्हणून बॅरलवाली घेताना बाटली भरल्याची तारीख बघा आणि वर्षाच्या आत उघडा.