छोटा संच, मोठी प्रतिकृती की जुन्या घडणीचे यान?

लेगोचे अवकाशयान घ्यायचे हे मनाशी पक्के झाले की खरा निर्णय उरतो तो यानाच्या जातीचा. एका टोकाला दीड-दोनशे तुकड्यांचे छोटे संच आहेत, दुसऱ्या टोकाला खऱ्या यानांच्या दोन-अडीच हजार तुकड्यांच्या प्रतिकृती आहेत आणि या दोहोंच्या मधल्या जागेत १९७९ सालच्या यानाची आठवण जागवत २०२२ मध्ये नव्याने घडवलेले ‘गॅलेक्सी एक्स्प्लोरर’ आहे. तिन्ही जातींची याने मी बांधली आहेत आणि घरात ठेवून वापरली आहेत. पुढे जे लिहितो आहे ते त्या वापरातून आलेले मत आहे. दुसऱ्याच्या घरात आणि दुसऱ्याच्या हातात त्याचे वजन थोडे वेगळे पडू शकेल, हे मान्य करूनच ते वाचावे.

छोट्या संचांबद्दल थोडक्यात सांगता येते, पण कमी लेखून सांगू नये. ‘क्रिएटर’ मालिकेतले ‘स्पेस शटल’, क्रमांक ३११३४, हे १४४ तुकड्यांचे आहे आणि त्याच तुकड्यांतून शटल, अंतराळवीर किंवा वेगळ्या घडणीचे एक यान अशा तीन वस्तू होतात. एक बांधायची तर आधीची मोडावी लागते आणि माझ्या मते हाच या जातीचा मोठा गुण आहे. मोठा संच एकदा बांधून झाला की मोडवत नाही. छोटा संच मात्र सहज मोडला जातो, आणि ठोकळे आडवे लावून गुळगुळीत बाजू कशी मिळवायची किंवा दोन-तीन उतरत्या ठोकळ्यांतून नाकाचा आकार कसा काढायचा, हे मोडता-मोडता हाताला उमगत जाते. असे यान मुठीत मावते, पडले तर चार-पाच तुकडे सुटतात आणि ते कुठले हे न शोधताही कळते. उणीव इतकीच की मन रमू लागते तोवर बांधणी संपलेली असते. शिवाय शटल बांधले की अंतराळवीर नाही आणि अंतराळवीर बांधला की शटल नाही, त्यामुळे यानात कोणी बसवून खेळायची ज्याला आवड आहे त्याची थोडी निराशा होते.

मोठ्या प्रतिकृतींचे आकर्षण मला आजही आहे. ‘नासा स्पेस शटल डिस्कव्हरी’, क्रमांक १०२८३, हा २०२१ सालचा २,३५४ तुकड्यांचा संच या जातीचे चांगले उदाहरण आहे. एप्रिल १९९० मध्ये डिस्कव्हरीने हबल दुर्बीण कक्षेत नेली, त्या मोहिमेचे रूप त्यात पकडलेले आहे आणि मालकक्षात मावणारी हबलही सोबत येते. अशी प्रतिकृती बांधताना खऱ्या यानाची रचना जितकी समजते तितकी चित्रे पाहून समजत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मालकक्षाच्या दारांना किती जागा लागते, त्यामुळे कर्मचाऱ्यांसाठी पुढे किती थोडी जागा उरते, चाके पोटात कुठे आणि कशी दडतात, हे सगळे हात चालत असताना कळत जाते. ज्याला बांधणीचे दीर्घ, शांत काम हवे आहे, आणि बांधून झाल्यावर यान काचेच्या कपाटात नीट दिसले म्हणजे ज्याचे समाधान होते, त्याने या जातीकडे जरूर वळावे. त्या निकषावर बाकीच्या दोन्ही जाती तिच्या जवळपास येत नाहीत.

मला मात्र एका गोष्टीने या जातीपासून दूर नेले, आणि ती गोष्ट खरेदी करताना कोणी फारशी विचारात घेत नाही. ती म्हणजे यान उचलणे.

माझ्याकडच्या एका मोठ्या प्रतिकृतीची (तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण अडचण घडणीच्या प्रकारातच आहे) धूळ पुसायची झाली की डावा तळवा पोटाखाली सरकवायचा आणि उजव्या हाताने शेपटीजवळ आधार शोधायचा. तो आधार बहुधा सापडतच नाही. अंगठा जरा बाहेरच्या बाजूला टेकला की तिथली तक्तपोशी, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा सपाट भाग, तिच्या बिजागरीवर आत वळते, दोन स्टडांवर (ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांवर) बसलेला टोकाचा तुकडा ‘टक्’ आवाज करून सुटतो आणि नेमका यानाच्या पोटात जाऊन पडतो. तो बाहेर काढायला यान थोडे कलते करावे, तर दुसऱ्या बाजूचे दार लटकू लागते. मग सूचनापुस्तिका काढून तो तुकडा कोणत्या टप्प्यावर बसवला होता हे शोधायचे, आणि तो बसवण्यासाठी शेजारची तक्तपोशी आधी उतरवायची. धूळ अर्धवटच राहते आणि यान पुन्हा जागेवर ठेवताना श्वास रोखून धरावा लागतो.

यामागचे कारण सरळ आहे. ठोकळा छोट्या यानात असो की मोठ्या, दोन स्टडांमधले अंतर आठ मिलिमीटरच असते आणि एका स्टडाची पकड तेवढीच राहते. यानाची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर घनफळ आठपट होते, आतून कितीही पोकळ ठेवले तरी वजन बरेच वाढते, आणि ते सारे वजन पेलायला मधोमध ‘टेक्निक’ या लेगोच्याच यांत्रिक घडणीच्या मालिकेतल्या दांड्यांचा सांगाडा घालावा लागतो. तो सांगाडा भक्कम असतोच. पण खऱ्या यानासारखी गोलसर, गुळगुळीत कातडी हवी असेल तर बाहेरच्या तक्तपोश्या आडव्या किंवा तिरक्या टांगाव्या लागतात, कुठे बिजागरीवर, कुठे क्लिपवर, आणि वरून बिनस्टडाच्या टाइल्स बसवाव्या लागतात. म्हणजे भक्कम भाग आत राहतो आणि हाताला लागतो तो सर्वांत नाजूक भाग. प्रतिकृती जितकी हुबेहूब, तितकी हात ठेवायला जागा कमी. कितीही चांगल्या रचनाकाराला यातून पूर्ण सुटका करून घेता येईल असे मला वाटत नाही. एक मिळवायचे तर दुसरे थोडे सोडावे लागते.

याचा परिणाम हळूहळू झाला. आधी मी ते यान कमी उचलू लागलो, नंतर घरी आलेल्यांनी हात पुढे केला की अस्वस्थ होऊ लागलो, आणि शेवटी ते अशा जागी गेले जिथे ते फक्त दिसते. ज्यांना दिसणे पुरते त्यांचे यात काहीच बिघडत नाही. मला अवकाशयान हातात घेऊन डोळ्यांच्या पातळीवर आणावे, थोडे कलते करून वळवावे आणि चाके बाहेर काढून टेबलावर उतरवावे असे वाटते, आणि ते वाटणे वय वाढले म्हणून कमी झालेले नाही.

‘गॅलेक्सी एक्स्प्लोरर’, क्रमांक १०४९७, माझ्यापुरते इथेच पुढे जाते. मूळ यान १९७९ सालचे, ३३८ तुकड्यांचे. अमेरिकेत ४९७ आणि युरोपात ९२८ या क्रमांकाने ते विकले जाई. निळे धड, राखाडी पंख आणि पिवळी पारदर्शक काच ही त्याची ओळख. आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, हातपाय हलवता येणारी आजची मिनिफिगर, म्हणजे लेगोची छोटी माणसाची बाहुली, आली होती. तिचे आणि त्या काळच्या अवकाश मालिकेचे श्रेय येन्स न्यूगोर क्नुडसेन या रचनाकाराकडे जाते. ही याने माणसे बसवून, हातात धरून खेळण्यासाठीच बेतलेली होती आणि तो हेतू नव्या आवृत्तीनेही सोडलेला नाही. कंपनीच्या नव्वदाव्या वर्षी आलेली १,२५४ तुकड्यांची ही आवृत्ती मूळ यानाच्या साधारण दीडपट मापाची आहे. मला हे माप फार विचारपूर्वक ठरवलेले वाटते, कारण मूळ यान लहान मुलाच्या हातात जेवढे भरीव वाटत असेल तेवढेच हे मोठ्या माणसाच्या हातात वाटते.

बांधताना लक्षात येते की पंख प्लेटांचे, म्हणजे पातळ चपट्या तुकड्यांचे, थर एकमेकांवर चढवून विणल्यासारखे बांधलेले आहेत. एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या मधोमध येतो, त्यामुळे टोकाला धरले तरी पंख लवत नाही. मागच्या बाजूला, पंख आणि धड मिळतात तिथे, तळवा आपसूक बसतो. मी ते एका हाताने उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतो, मुलांच्या हातीही देतो, आणि आजवर वाटेत तुकडा पडल्याचे मला आठवत नाही. चाके आत-बाहेर होतात, कॉकपिट उघडते, आत झोपण्याची जागा आहे, मागची दारे उघडून उतार खाली सोडला की छोटी गाडी बाहेर येते. दोन तांबडे आणि दोन पांढरे असे चार अंतराळवीर आणि एक रोबोट सोबत असतात. बोधचिन्हे आणि क्रमांक तुकड्यांवर छापलेलेच येतात, स्टिकर एकही नाही. ज्याला स्टिकर तिरके बसण्याची धास्ती आहे त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

वरच्या बाजूला स्टड उघडे ठेवलेले आहेत, त्यामुळे गुळगुळीत दिसण्याची अपेक्षा असणाऱ्याला हे यान थोडे ओबडधोबड वाटेल. स्टडांच्या मधल्या खाचांत धूळ इथेही बसते, किंबहुना जास्तच बसते. फरक इतकाच की यान एका हातात धरून दुसऱ्या हाताने मऊ ब्रश फिरवता येतो आणि काम तिथेच संपते. आणखी एक गोष्ट छोट्या संचांच्या गुणाशी नाते सांगते. याच तुकड्यांतून त्या काळची ९२४ आणि ९१८ ही धाकटी यानेही बांधता येतात. मी हे यान अजून मोडलेले नाही, पण मोडले तरी पुढे काही आहे हे ठाऊक असणे मला आवडते.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. डावा पंख बांधून झाला की उजवा जवळपास तसाच बांधायचा असतो आणि त्या भागात हात चालतो पण डोके चालत नाही. खऱ्या अवकाशमोहिमांशी याचा काही संबंध नाही, त्यामुळे विज्ञानाच्या ओढीने संच घेणाऱ्याला डिस्कव्हरीसारखी प्रतिकृती नक्कीच जास्त देऊन जाईल. त्या काळच्या यानांशी ज्याची लहानपणची कुठलीच आठवण जोडलेली नाही, त्याला निळ्या-राखाडी रंगांत इतका जीव का अडकतो हे कळणार नाही, असेही होऊ शकते. मला स्वतःला मात्र आठवणींपेक्षा घडणच जास्त भावली. शिवाय यान सुमारे अर्धा मीटर लांब आहे आणि पंखांमुळे बरेच रुंदही, म्हणून अरुंद फळीवर ते तिरकेच ठेवावे लागते.

काही जण विचारतात की मग मूळ १९७९ चेच यान का घेऊ नये. संग्रहासाठी ते उत्तमच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या काळच्या हेल्मेटची हनुवटीजवळची पट्टी बारीक असल्याने ती तडकलेली सापडते, पिवळ्या काचेवर ओरखडे असतात, आणि उन्हात राहिलेले पांढरे व राखाडी ठोकळे पिवळट पडतात. बदली तुकडे घालावेत तर २००४ च्या सुमारास राखाडी रंगाची छटाच बदलली. नवा राखाडी जुन्याशेजारी निळसर दिसतो आणि पंखावर ठिगळ उठून दिसते. परिणामी जुने यानही जपून ठेवण्याची वस्तू होते आणि माझी उचलण्याची अडचण वेगळ्या वाटेने परत येते.

म्हणून कोणी मला विचारले तर मी आधी इतकेच विचारतो की यान बांधून झाल्यावर त्याचे काय करणार. फक्त पाहणार असाल तर मोठी प्रतिकृती घ्यावी आणि तिच्यासाठी आधीच काचेची, धूळ न शिरणारी जागा ठरवावी. बांधणी आणि मोडणी यांतच रस असेल, किंवा हा नाद आपल्याला लागेल की नाही याचीच खात्री नसेल, तर छोटा संच पुरेसा आहे. हातात घ्यायचे असेल तर माझा कल कुठे आहे हे एव्हाना कळलेच असेल.

असे संच ठरावीक काळच उत्पादनात असतात आणि नंतर ते दुसऱ्या हाताने घ्यावे लागतात. १०४९७ तसे घेताना पिवळ्या पारदर्शक काचा उजेडात धरून ओरखडे पाहावेत, छापील तुकडे सगळे आहेत का ते तपासावे, चारही अंतराळवीर मोजून घ्यावेत, आणि यान बांधलेल्या स्थितीत मिळत असेल तर विकणाऱ्याची परवानगी घेऊन ते पंखामागे एका हाताने धरून उचलून पाहावे. पंख लवला तर थरांतली एखादी प्लेट चुकीच्या जागी बसली आहे किंवा गहाळ आहे असे समजावे, आणि ती कोणती हे पुस्तिकेत सापडेपर्यंत पैसे देण्याची घाई करू नये.