स्ट्रॅटमधला सहा पोझिशनचा टोन सिलेक्टर: वायर तुटल्यानंतरचा अनुभव

स्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार. तिच्यातला हा सिलेक्टर टोनच्या नॉबला वेगवेगळे कपॅसिटर जोडतो आणि आवाज किती गडद होईल ते त्यावर ठरतं. माझ्याकडे मात्र सिलेक्टर कुठेही ठेवा, टोन शून्यावर आणा, आवाज उघडाच, गडद होईना. पिकगार्ड (नॉब बसवलेली पुढची पट्टी) काढलं तर कपॅसिटर सगळे धड, पण त्यांची सामाईक ग्राउंड वायर सोल्डरपाशी तुटलेली. कारण, बसवणाऱ्याने स्विचच्या बुशशेजारची (दांड्याभोवतीच्या आटेदार नळीशेजारची) बारीक खुंटी कापून टाकली होती. ती पिकगार्डला अडते म्हणून सर्रास कापतात. मग स्विचला धरायला फक्त नट उरतो. नट सैल झाला की नॉबबरोबर अख्खा स्विच फिरतो आणि वायर पिळत पिळत तुटते. खुंटीच्या मापाचं भोक पाडायला दोन मिनिटं लागतात, ते पाडूनच घ्या. वायरही अनेक बारीक तारांची हवी, थोडी ढील ठेवून.

बाकी जोडणी सोपी आहे. दुसऱ्या टोन पॉटच्या (नॉबने कमीजास्त होणाऱ्या रेझिस्टरच्या) जागी एक पोल, बारा थ्रोचा रोटरी स्विच, म्हणजे एक कॉमन टोक बारांपैकी एका टोकाला जोडणारा, वॉशरने सहावर अडवलेला. वॉशर टाकण्याआधी दांडा डावीकडे पूर्ण फिरवून घ्या. व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट लगवरून (जोडणीच्या टोकावरून) वायर उरलेल्या टोन पॉटला, त्याच्या वाइपरवरून (मधल्या, सरकत्या टोकावरून) स्विचच्या कॉमनला. पहिला थ्रो रिकामा, पुढे 1, 2.2, 4.7, 10 आणि 22 नॅनोफॅरड. दुसरी टोकं एकत्र करून ग्राउंडला.

एवढ्यावर थांबलात तर स्विच फिरवताना अँपमधून टक् आवाज येईल. कपॅसिटर सुटतो त्या क्षणीचा व्होल्टेज त्याच्यावर अडकून राहतो आणि पुन्हा जोडताच एकदम रिकामा होतो. उपाय म्हणजे कपॅसिटर असलेल्या प्रत्येक थ्रोपासून कॉमनपर्यंत 10 मेगाओहमचा रेझिस्टर. पाचही समांतर धरले तरी 2 मेगाओहम होतात, 250 किलोओहमच्या पॉटपुढे तो भार कानाला कळत नाही. हे पाच रेझिस्टर गाळून काम पूर्ण झालं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

टोन दहावर असताना सिलेक्टरने जवळजवळ काहीच बदलत नाही, कारण मध्ये पॉटचा पूर्ण रेझिस्टन्स असतो. खरी गंमत शून्यावर. सुरुवातीला 22 चा गडद आवाज आवडायचा, आता 4.7 वरून हात हलत नाही. 2.5 हेन्रीचा पिकअप (तारांचं कंपन टिपणारी कॉइल) आणि पाच मीटर केबल धरली तर 22 वर रेझोनन्स, म्हणजे आवाज सर्वात उठून येतो ती जागा, 670 हर्ट्झच्या आसपास पडतो, 4.7 वर 1400 च्या. अर्ध्यावर थांबवलेल्या वाह पेडलसारखा (पायाने टोन बदलणाऱ्या पेडलसारखा) नाकातला मिड मिळतो, सोलोला फार उपयोगी. 1 वर शिखर 2600 पाशी येतं आणि सिंगल कॉइल पिकअप भरदार वाटतो. 2.2 मात्र दोघांच्या मध्ये हरवतो.

महागड्या ऑइल कपॅसिटरवर खर्च करू नका. मोजलेली किंमत सारखी असेल तर इथे आवाजही सारखाच येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत 472 (म्हणजे 4.7 नॅनोफॅरड) छापलेला पॉलिस्टर फिल्म कपॅसिटर चिल्लरमध्ये मिळतो. 100 व्होल्टचा, छोट्या आकाराचा घ्या.

वायर पुन्हा जोडताना 2.2 आणि 22 काढून टाकले. वॉशर आता चारवर आहे.