महाबलीपुरमचा बीच: लाटा भारी, पण जपून

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने साधारण दीड तास, आणि खरं सांगते, पोचल्या पोचल्या समोरचं दृश्य बघून मन एकदम भरून आलं. एका बाजूला समुद्राला लागून 8व्या शतकातलं पल्लव राजांचं शोर टेंपल (म्हणजे किनाऱ्यावरचं देऊळ) आणि त्याच्या शेजारीच पोरं बोर्ड घेऊन सर्फिंग करतायत! पण हा समुद्र आपल्या अलिबागसारखा शांत अजिबात नाही हं, मी नुसती गुडघाभर पाण्यात उभी होते तर परतणाऱ्या लाटेने पायाखालची वाळू सरसर ओढली आणि मी धाडकन बसले. त्यामुळे पोहायला नकोच, सर्फिंग शिकायचं तर तिथल्या कोळ्यांची मुलं शिकवतात त्यांच्यासोबतच उतरा, त्यांना पाणी बरोब्बर कळतं. देवळाच्या ग्रॅनाइटवरचं कोरीवकाम खाऱ्या वाऱ्याने इतकं झिजलंय की सिंहांचे चेहरे गुळगुळीत झालेत, बघून जीव हळहळतो. आत दोन शिवाची गर्भगृहं आणि मधे पहुडलेला विष्णू, तो बघायला विसरू नका. 2004च्या त्सुनामीत वाळू वाहून गेली तेव्हा इथे आणखी कोरलेले दगड उघडे पडले होते. सकाळी लवकर जा, दुपारी वाळू चटके देते.