एनएमसीचं रिव्हॅलिडेशन: हेल्थ व्हिजिटरच्या नोकरीत मिडवाइफचं रजिस्ट्रेशन टिकवायचं तर

ब्रिटनमध्ये हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी जाऊन बाळ-आईची तब्येत पाहणारी आरोग्यसेविका, म्हणून काम करणाऱ्या मराठी नर्सेस आणि मिडवाइव्ह्ज (सुईणी) आता बऱ्याच आहेत, आणि दर तीन वर्षांनी तोच प्रश्न फिरतो: प्रसूतीच्या वॉर्डात पाऊल टाकून वर्षं झाली, मग मिडवाइफचं रजिस्ट्रेशन राहतं की जातं? म्हणून हे परीक्षण एनएमसीच्या (नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, नर्स-मिडवाइफचं रजिस्टर ठेवणारी संस्था) ऑनलाइन रिव्हॅलिडेशन सेवेचं, म्हणजे दर तीन वर्षांनी नोंदणी नव्याने पक्की करायच्या सेवेचं, पण फक्त या एका नजरेतून. एकाच मूळ नोंदणीवर असाल तर पाचपैकी साडेचार. नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही नोंदण्या असतील तर तीन, तेही हात आखडता घेऊनच.

आधी नोंदणीची रचना. हेल्थ व्हिजिटर ही रजिस्टरवरची मूळ नोंद नाही. ती 2004 साली सुरू झालेल्या तिसऱ्या भागात, म्हणजे एससीपीएचएनमध्ये (स्पेशलिस्ट कम्युनिटी पब्लिक हेल्थ नर्स) येते, आणि खाली नर्स किंवा मिडवाइफची चालू नोंद असेल तरच ती उभी राहते. पाया गेला की माडीही गेली. ज्या थेट मिडवाइफरीची पदवी घेऊन पुढे हेल्थ व्हिजिटर झाल्या, त्यांच्याकडे नर्सची नोंद नसते. त्यांना मिडवाइफचं नाव ठेवायचं की नाही असा पर्यायच नाही. ते गेलं तर नोकरीच गेली.

या गटाची सोय मात्र नियमात चांगली केलेली आहे. मिडवाइफ अधिक एससीपीएचएन अशा जोडीला तीन वर्षांत प्रत्यक्ष कामाचे 450 तास पुरतात आणि ते हेल्थ व्हिजिटिंगच्या कामातून भरले तरी चालतात. साडेसदतीस तासांच्या आठवड्याने हिशेब केला तर हे 12 आठवडे होतात. बाळंतपण करायची, सीटीजी (गर्भाच्या ठोक्यांचा आलेख) वाचायची अट नाही. तुम्ही आज जे काम करता त्याच कामाचे तास धरले जातात.

खरी गाठ दुसऱ्या गटाची. नर्स, मिडवाइफ आणि वर हेल्थ व्हिजिटर अशा तिन्ही नोंदी असतील तर आकडा 900 होतो: 450 नर्सिंगचे, 450 मिडवाइफरीचे. पूर्णवेळ हेल्थ व्हिजिटरचे तीन वर्षांत चार हजारांवर तास भरतात, म्हणून एकूण आकड्याची कुणालाच चिंता नसते. अडतं ते वाटणीत. एकच तास दोन्हीकडे मांडता येत नाही. आणि गर्भारपणातली 28 आठवड्यांनंतरची भेट, 10 ते 14 व्या दिवसाची नवजात भेट, स्तनपानाचा सल्ला हे मिडवाइफ म्हणून केलं की हेल्थ व्हिजिटर म्हणून, हे पोर्टल विचारत नाही. पोर्टल फक्त आकडा भरून घेतं. ठरवायचं तुम्ही, आणि पडताळणीत नाव निघालं तर उत्तरही तुम्हीच द्यायचं. हेच या सेवेचं सर्वांत कच्चं अंग. आमच्या मते तुमच्या नेमणूकपत्रात मिडवाइफचं नावही नसेल तर त्या तासांवर मिडवाइफरीचा शिक्का मारू नये.

सरळ मार्ग बँक शिफ्टचा, म्हणजे रुग्णालयाच्या बदली यादीवरून अधूनमधून घेतलेल्या पाळ्यांचा. 450 तास म्हणजे साडेसात तासांच्या 60 शिफ्ट, वर्षाला 20, महिन्याला दोनपेक्षा कमी. कागदावर हे सोपं दिसतं. पण ट्रस्टची (सरकारी रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेची) बँक मिडवाइफ म्हणून घेताना दरवर्षीचं प्रॉम्प्ट (प्रसूतीतल्या आणीबाणीचं प्रशिक्षण), गर्भाच्या ठोक्यांच्या देखरेखीचं प्रशिक्षण आणि नवजात पुनरुज्जीवन मागते. ते चुकलं की शिफ्ट मिळत नाहीत, शिफ्ट नाहीत की तास नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी डिसेंबरात शंभर तासांचा खड्डा दिसतो. पहिल्याच वर्षी 150 भरले नाहीत तर मिडवाइफची नोंद सोडायचा विचार तेव्हाच करावा. अर्जात एका नोंदीचं नूतनीकरण करून दुसरी जाऊ देता येते, आणि हा निर्णय शांतपणे घेतलेला बरा. नंतर परत यायचं तर रिटर्न टू प्रॅक्टिसचा अभ्यासक्रम किंवा क्षमताचाचणी, म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही.

विम्याचंही इथेच पाहून घ्या. व्यावसायिक दायित्वाचं संरक्षण असणं बंधनकारक आहे, पण हेल्थ व्हिजिटिंगच्या मालकाचं छत्र त्या नोकरीपुरतंच. शेजारच्या मैत्रिणीच्या बाळंतपणाला मिडवाइफ म्हणून उभं राहाल तर ते छत्र डोक्यावर नसतं.

आता अर्ज. तासांव्यतिरिक्त 35 तासांचं सीपीडी (व्यावसायिक शिक्षण) लागतं, त्यातले 20 सहभागाचे, म्हणजे दुसऱ्या व्यावसायिकाशी बोलणं-चालणं असलेले. वेबिनार चालतो. आगीचं प्रशिक्षण, वजन उचलायचं प्रशिक्षण अशी सक्तीची पण कामाशी थेट न जोडलेली सत्रं धरू नका. सगळ्यांत जास्त फुगवटा इथेच दिसतो. पाच फीडबॅक, पाच चिंतनलेख, एका एनएमसी नोंदणीधारकाशी त्यावर चर्चा, आणि कन्फर्मरची, म्हणजे सगळं पूर्ण झालंय असं पाहून सांगणाऱ्याची, सही. लाइन मॅनेजर स्वतः नोंदणीधारक असेल तर दोन्ही कामं एका बैठकीत होतात.

चिंतनलेखात लोक दोन पानं भरतात. फॉर्मला मुळात चारच गोष्टी हव्या असतात: काय घडलं, काय शिकलात, कामात काय बदललंत, कोडच्या (एनएमसीच्या आचारसंहितेच्या) कोणत्या भागाशी त्याचं नातं. उदाहरण घ्या. अकराव्या दिवसाच्या भेटीत बाळ अजून पिवळं दिसतं आणि शी फिकट आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ 14 दिवसांपुढे राहिली तर ती लांबलेली धरून रक्त तपासायचं असतं. शी फिकट असेल तर तेवढीही वाट पाहायची नाही, कारण पित्तमार्गाचा आजार असू शकतो. यातून ‘आता मी प्रत्येक नवजात भेटीत शीचा रंग विचारून लिहिते’ एवढं एक वाक्य निघालं तरी लेख झाला. बाळाचं नाव, गाव, तारीख यांतलं काही नको. नुसतं ‘मला खूप शिकायला मिळालं’ लिहिलेला लेख कन्फर्मरने परत द्यावा, आणि चांगला कन्फर्मर देतोही.

तासांचा तक्ता पहिल्या महिन्यापासून ठेवा. एनएमसीच्या नमुन्यात तारखा, संस्थेचं नाव-पत्ता, कामाची जागा, कामाचं स्वरूप, तास, कोणत्या नोंदणीखाली आणि थोडक्यात वर्णन असे रकाने आहेत. ‘प्रसूतिपश्चात वॉर्ड, बँक, 7.5 तास, मिडवाइफ’ ही ओळ उपयोगी. ‘2 वर्षं, कम्युनिटी, 450 तास’ ही निरुपयोगी.

वेळापत्रक मात्र फसवं आहे. रजिस्ट्रेशन 30 सप्टेंबरला संपत असेल तर अर्जाची शेवटची तारीख 1 सप्टेंबर, आणि खिडकी त्याआधी 60 दिवस, म्हणजे 3 जुलैच्या सुमारास उघडते. नेमके शाळांच्या सुट्टीचे दिवस. मॅनेजर स्पेनला, सही अडकलेली. कन्फर्मरशी चर्चा शेवटच्या 12 महिन्यांत कधीही उरकता येते, म्हणून मे महिन्यातच उरकावी. कागदपत्रं अपलोड करायची नसतात, जपून ठेवायची असतात. एनएमसी दरवर्षी काही जणांची पडताळणी करते. सगळं तयार असेल तर पोर्टलवरचं काम अर्ध्या तासाचं, आणि तिथे तक्रारीला फारशी जागा नाही.

फीचा घोळ वेगळा. रिव्हॅलिडेशन तीन वर्षांनी, फी दरवर्षी. 2015 साली ती 100 वरून 120 पाउंड झाली. भरण्याआधी चालू आकडा पाहून घ्या. जुना ईमेल, बदललेलं बँक खातं, हुकलेलं डायरेक्ट डेबिट, एवढ्यावरही रजिस्टरवरून नाव काढलं जातं, आणि परत चढवण्यात आठवडे जातात. तोवर हेल्थ व्हिजिटर म्हणून काम करता येत नाही. फीवर एचएमआरसीकडे (ब्रिटनचं कर खातं) करसवलत मागता येते, ती बहुतेक जण विसरतात.

महाराष्ट्रातून नव्याने येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आरएनआरएम (नर्स आणि मिडवाइफ अशी एकत्र) नोंद असली तरी इथल्या मिडवाइफ भागात नाव आपोआप चढत नाही. नर्स म्हणून अर्ज केला तर नर्सच. मिडवाइफसाठी वेगळा अर्ज, वेगळी सीबीटी (संगणकावरची परीक्षा) आणि वेगळी ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा). ‘जीएनएममध्ये (भारतातली नर्सिंग-मिडवाइफरीची पदविका) मिडवाइफरी होतीच की’ हे खरं, पण रजिस्टरला ते पुरत नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, 2017 च्या मार्चअखेरपर्यंत मिडवाइफना दरवर्षी काम करण्याच्या इराद्याचा वेगळा फॉर्म आणि सुपरव्हायजर असायची. ते गेल्याने कागद कमी झाला, पण ‘तुझे तास कमी पडतायत गं’ म्हणणारी बाईही गेली. आता ते काम पोर्टलच्या आठवणीच्या ईमेलवर आहे, आणि तो येईपर्यंत 60 शिफ्ट करायला वेळ उरलेला नसतो.

फी वळती झाली की दोन दिवसांनी सार्वजनिक रजिस्टरवर स्वतःचा पिन (नोंदणी क्रमांक) टाकून बघा. मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर, दोन्ही ओळी दिसायला हव्यात. एकच दिसली तर त्याच सकाळी फोन लावा, पुढच्या भेटीला निघण्याआधी.