कुर्ल्यातील वर्कशॉपमधला 'ओरिजिनल' बी-275

कुर्ल्यातील एका वर्कशॉपमध्ये 1968 चा इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टर 'पूर्णपणे ओरिजिनल' म्हणून विक्रीला ठेवलेला आहे. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी 1963 मध्ये मिळून काढलेल्या कंपनीचा हा ट्रॅक्टर कांदिवलीत तयार होत असे. त्यामुळे मुंबईतल्या संग्राहकांना त्याचे विशेष आकर्षण असणे स्वाभाविक आहे. यांत्रिक कामाला नावे ठेवायला जागा नाही. इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झाले, धूर लवकर निवळला आणि हायड्रॉलिकही विनातक्रार उचलते.

प्रश्न आहे तो 'ओरिजिनल' या दाव्याचा. ओतीव भागांवर उठावदार आकड्यांत ओतकामाचा क्रमांक आणि बहुधा तारखेची खूणही असते. जोडणीच्या आधी ओतकाम होत असल्याने ही तारीख ट्रॅक्टरच्या वर्षानंतरची निघाली, तर तो भाग दुसरीकडून आलेला आहे हे उघड होते. येथे गियरबॉक्सच्या आवरणावरील खूण वर्षाशी सुसंगत आहे. मात्र इंजिन ब्लॉकवर क्रमांक ठोकण्याची जागा ग्राइंडरने घासून सपाट केलेली स्पष्ट दिसते. आरसी बुकातला क्रमांक जुळतो हे खरे, पण घासलेल्या धातूवर नव्याने ठोकलेला आकडा जुळला, तर त्यात नवल ते काय? चासी नंबरची पट्टीही रिव्हेटऐवजी स्क्रूने बसवलेली आहे. हुडाखालच्या कित्येक बोल्टच्या डोक्यावर 8.8 हा मेट्रिक बोल्टचा शिक्का आहे, आणि या ट्रॅक्टरची मूळ मापे इंची आहेत.

रंगकामाबाबत तर अतिउत्साहच नडला आहे. वाळूच्या साच्यातून निघालेल्या लोखंडाचा खरखरीतपणा कारखान्याच्या रंगाखालूनही जाणवत असे. येथे तो पुट्टीने बुजवून नव्या मोटारीसारखी तुकतुकी आणलेली आहे. शेजारचा फर्ग्युसन टीई-20 देखील लाल रंगवला आहे. कॉव्हेंट्रीत 1946 ते 1956 या काळात बनलेले हे ट्रॅक्टर कारखान्यातून राखाडी रंगातच बाहेर पडत आणि मॅसी फर्ग्युसनचा लाल रंग त्यानंतर आला, एवढे तरी विक्रेत्याला ठाऊक असायला हवे होते.

सांगितलेली किंमत चालू स्थितीतल्या साध्या बी-275 च्या दुपटीहून अधिक आहे. दुरुस्त केलेला चांगला ट्रॅक्टर म्हणून तो जरूर घ्यावा. संग्रहासाठी मात्र बदललेल्या भागांची लेखी यादी मिळाल्याखेरीज आणि आरटीओतील मूळ नोंद तपासल्याखेरीज इसारा देऊ नये. बॅटरी चार्ज करणाऱ्या मूळ डायनॅमोच्या जागी नव्या धर्तीचा अल्टरनेटर बसवला आहे, हे विचारल्यावर मिस्त्रींनी लगेच मान्य केले. जुना डायनॅमो त्यांच्याकडे अजून पडून आहे. सौदा ठरलाच तर तोही मागून घ्यावा.