हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

इंग्रजीत लिहिताना या दोन शब्दांपाशी पुष्कळ जण अडखळतात. मराठीत दोन्हींसाठी ‘ऐतिहासिक’ चालून जातो, त्यामुळे फरक मनात ठसत नाही.

आधी अर्थ पाहू. ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहासात ज्याला मोठं स्थान आहे ते. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला, ती हिस्टॉरिक घटना. ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाशी किंवा भूतकाळाशी संबंधित असलेलं काहीही, मग ते महत्त्वाचं असो वा नसो. एखाद्या अनोळखी व्यापाऱ्याची दोनशे वर्षांपूर्वीची खतावणी हिस्टॉरिकल दस्तऐवज ठरते, पण तिला हिस्टॉरिक म्हणणं अतिशयोक्तीच.

काळाच्या बाबतीतही फरक आहे. आज झालेला करार आजच हिस्टॉरिक ठरू शकतो. हिस्टॉरिकल म्हणायला मात्र भूतकाळाचा संदर्भ लागतो. मला हीच कसोटी सर्वांत भरवशाची वाटते.

शब्द चुकला तर अर्थही बदलतो. कादंबरीला ‘हिस्टॉरिकल’ म्हटलं तर ती जुन्या काळावर बेतलेली आहे एवढंच कळतं. ‘हिस्टॉरिक’ म्हटलं, तर त्या कादंबरीनेच इतिहास घडवला असा अर्थ निघतो! पूर्वी हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरत, पण आज हा भेद पाळलेलाच बरा.

बातमी, भाषण किंवा निकालाचं महत्त्व सांगायचं असेल तर हिस्टॉरिक घ्या. संशोधन, जुनी आकडेवारी, कागदपत्रं, कादंबरी यांसाठी हिस्टॉरिकल.