पॅकिंगच्या फळ्यांचे जेवणाचे टेबल: दीड वर्षाच्या वापरानंतर

भोसरीच्या औद्योगिक भागातील एका छोट्या कार्यशाळेकडून आम्ही गेल्या वर्षीच्या जानेवारीत जेवणाचे टेबल आणि एक बाक करून घेतला. दोन्ही वस्तू परदेशी यंत्रांच्या पॅकिंगसाठी वापरलेल्या पाईनच्या फळ्यांच्या आहेत. टेबलाचे पाय मात्र एका पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी वाशांचे आहेत. दोन्हींचे मिळून साडेचौदा हजार रुपये झाले. तेवढ्या पैशांत दुकानात पार्टिकल बोर्डचे टेबल सहज मिळाले असते. पण ते पाणी लागले की कडेने फुगते आणि एकदा सैल झालेला स्क्रू त्यात पुन्हा धरत नाही, हे आमच्या आधीच्या टेबलावरून आम्हाला चांगलेच समजले होते.

काम देण्यापूर्वी मी लाकूड पाहायला गेलो आणि तिथेच माझा या कारागिरांवर विश्वास बसला. परदेशातून येणाऱ्या लाकडी पॅकिंगवर आंतरराष्ट्रीय नियमानुसार शिक्का असतो. त्यात कणसाचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे आणि लाकडावर कोणती प्रक्रिया केली त्याची खूण असते. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवलेले. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. इथले मिस्त्री प्रत्येक फळी उलटून शिक्का पाहतात, 'एमबी' दिसले की ती बाजूला काढतात आणि तेलाचे किंवा रसायनाचे डाग पडलेली फळी, शिक्का कोणताही असो, घरातल्या वस्तूला लावत नाहीत. लहान मूल पोळीचा तुकडा सरळ टेबलावर ठेवून खाते, तेव्हा ही काळजी मला किमतीपेक्षा मोठी वाटते.

लाकूड स्वस्त असले तरी त्यामागची मेहनत स्वस्त नसते, हे तिथे अर्धा तास उभे राहिल्यावर कळते. खिळे पकडीने उपटायचे, तुटून आत राहिलेली टोके चुंबकाने शोधायची, कारण एखादे टोक राहिले तरी रंध्याच्या पात्याची धार जाते. मग फळी सरळ करायची, तासायची आणि पॉलिश पेपरने घासायची. खिळ्यांची भोके त्यांनी मुद्दाम बुजवलेली नाहीत. गंजामुळे प्रत्येक भोकाभोवती काळसर वर्तुळ उमटले आहे, आणि एका फळीवर 'ही बाजू वर' सांगणारा बाण अर्धवट पुसलेला, पण अजून स्पष्ट दिसतो. आमच्या मुलीने जेवायला बसण्यासाठी तीच जागा धरली आहे. पायांच्या आडव्या पट्ट्या नुसत्या स्क्रूवर न भागवता कुसू, म्हणजे टोकाला बारीक केलेली जीभ, काढून भोकात बसवलेल्या आहेत, त्यामुळे टेबल आजवर एकदाही डुगडुगलेले नाही.

बाक अगदी साधा आहे. फळ्यांना फळ्या जोडलेल्या आणि सगळे स्क्रू उघडे. डच रचनाकार खेरित रीटफेल्ट यांनी 1934 साली खोक्यांच्या लाकडाची जी खुर्ची केली, तिची मला तो पाहून आठवण होते.

दोन तक्रारी मात्र आहेत. ठरल्या तारखेपेक्षा टेबल तीन आठवडे उशिरा आले आणि दर वेळी विचारणा आम्हालाच करावी लागली. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. फळ्या जोडण्याआधी त्यांतला ओलावा छोट्या यंत्राने मोजून तो बारा टक्क्यांच्या आसपास आला आहे याची ते खात्री करतात. आमच्या टेबलाची कडेची एक फळी मात्र शेवटच्या दिवशी बदलली गेली आणि ती न मोजताच बसवली. एप्रिलच्या उन्हाळ्यात ती आकसली, शेजारच्या फळीशी जवळजवळ तीन मिलिमीटरची फट पडली आणि तिच्यात रोज भाताची शिते अडकू लागली. कळवल्यावर मिस्त्री स्वतः आले, चूक त्यांनी लगेच मान्य केली आणि पैसे न घेता त्या फटीत सागवानाची पातळ पट्टी बसवून दिली. पाईन मऊ असल्याने नखाचाही ओरखडा उठतो आणि हळदीचा डाग पुसला तरी पूर्ण जात नाही. पण हा लाकडाचा स्वभाव आहे, त्याचा दोष मी कारागिरांना देणार नाही.

आता गावाकडच्या घराचे उतरवलेले दार पुस्तकांच्या कपाटासाठी त्यांच्याकडेच दिले आहे, आणि ओलाव्याचा आकडा मी स्वतः पाहिल्यावरच फळ्या जोडायच्या, हे या वेळी आधीच ठरवून घेतले आहे.